पडद्यावर नसलेल्या ठिणग्या

बेळगावच्या खडेबाजारातल्या एका बोळात आमचं ठरलेलं हॉटेल आहे. रविवारी सकाळी, बाजार पुरता उघडायच्या आत, आम्ही चौघं तिथं कोपऱ्यातल्या टेबलाशी जमतो आणि एका मालिकेवरून भांडतो. त्या रविवारी आक्का चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत म्हणाली, "ह्या भागात ठिणग्या मात्र लई झकास दाखवल्यात."

"कुठल्या ठिणग्या?" ग्रंथपाल मॅडमनी विचारलं.

"अगं, यान धुळीच्या पट्ट्यातनं जातंय न्हवं, तवा. उजव्या अंगाला सारख्या चमकत हुत्या की. आन ते काळं काळं कण, वरनं तरंगत खाली येणारं. एवढं बारीक काम कोण करत न्हाय."

आक्का माझी थोरली बहीण. निपाणीला दिलेली, तिथल्याच मराठी शाळेत गणित शिकवते. ग्रंथपाल मॅडम माझ्या कॉलेजातल्या. चौथा निपाणीचाच, बियाणं-खतांच्या दुकानाचा मालक. शाळेत तो आक्काच्या हाताखालून गेलेला, त्यामुळं तिला अजून बाई म्हणतो. आम्ही त्याला शेट म्हणतो. मी स्वतः फिजिक्स शिकवतो आणि शहराला लागूनच हिंडलग्याला राहतो. कडोलीच्या साहित्य संमेलनात पुस्तकांच्या स्टॉलशेजारी मी आणि मॅडम ह्या मालिकेवरून एकदा इतक्या मोठ्यानं बोलत होतो की मांडवातल्या लोकांनी वळून पाहिलं. शेट तिथं पुस्तकं घ्यायला आला होता. तो मधेच पडला, म्हणाला, "तुम्ही दोघंबी चुकालाईसा." तिथून आमची ही बैठक सुरू झाली. आक्का तर पहिल्यापासून होतीच. मालिकेचं वेड मला तिनंच लावलं.

मालिका परदेशी आहे. एक यान दूरदूरच्या ग्रहांवरच्या माणसांच्या वस्त्यांना बियाणं पोचवत फिरतं. वस्त्या एकमेकींपासून तुटून इतका काळ लोटलाय की त्यांच्या भाषा वेगळ्या झाल्यात. म्हणून यानावर एक दुभाषिणी असते. कप्तान, म्हातारा मिस्त्री, बियाण्यांची तज्ज्ञ असे बाकीचे आहेत, पण आक्काचा जीव त्या दुभाषिणीवर. शेट बियाण्यांसाठी बघतो आणि दर भागाला त्यातल्या चुका काढतो. मॅडमना कथानक कुठं वळवलं आणि का, ह्यात रस. मला खरं तर यान आवडतं.

"बाई, ठिणग्या न्हवत्या," शेट म्हणाला. "मी दोनदा बघितलो तो भाग."

"तू बियाणं बघत बसतोस. आकाशाकडं तुझं ध्यान कुठं?"

शेटनं फोन काढला, तो प्रसंग लावला आणि फोन टेबलावर उभा केला. आम्ही चौघांनी डोकी एकत्र आणली. यान धुळीच्या पट्ट्यातून गेलं. पट्टा तांबूस होता, शांत होता. एकसुद्धा ठिणगी नव्हती.

"फोनचा पडदा बारका हाय तुझा," आक्का म्हणाली. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. मग तिनं मान वळवून भिंतीकडं पाहिलं. तिची ती वळलेली मान मी पाहिली आणि पुढं वाकून विचारलं,

"आक्का, आता बी दिसालंय का?"

"व्हय," ती म्हणाली. "त्या भिंतीवर बी दिसालंय."

आक्काचा डावा डोळा लहानपणापासून आळशी. त्या डोळ्यानं तिला माणूस आहे एवढंच कळतं, कोण आहे ते कळत नाही. तिचं सगळं वाचन, फळा, पेपर तपासणं, मालिका, सगळं उजव्या डोळ्यावर चालतं. आणि ठिणग्या उजवीकडं होत्या.

मॅडम म्हणाल्या की आजच्या आज डॉक्टरांना दाखवा. मी म्हणालो चल. आक्का म्हणाली, "सोमवारी पोरांची परीक्षा हाय, उगं काय तरी काढू नका," आणि दुपारच्या बसनं निपाणीला गेली सुद्धा. मी स्टँडवरून घरी आलो आणि बसू शकलो नाही. अंगणात फेऱ्या मारल्या. तिला फोन केला, तिनं उचलला नाही, मग उचलला आणि ओरडली, "दार तरी उघडू दे मला!"

दुसऱ्या दिवशी शाळेतूनच तिचा फोन आला. आवाज उतरला होता. "आरं, फळ्याचा खालचा भाग दिसंना झालाय. खालनं काळं पाणी चढत आल्यागत वाटालंय."

दाजी तिला घेऊन तसेच बेळगावात आले. डॉक्टर तरुण होते, फार बोलणारे नव्हते. डोळ्यात बराच वेळ उजेड मारून पाहिल्यावर म्हणाले की आतला पडदा सुटत चाललाय, ऑपरेशन लगेच करावं लागेल. आक्कानं एवढंच विचारलं, "परीक्षेचं पेपर कोण तपासणार?"

ऑपरेशन झालं. ते फारसं अवघड गेलं नाही. अवघड ते पुढं होतं. डोळ्यात एक वायूचा बुडबुडा सोडला होता. तो बुडबुडा वर जातो, म्हणून तोंड खाली ठेवायचं; म्हणजे तो आतल्या पडद्याला टेकून त्याला जागेवर दाबून धरतो. जेवताना, बसताना, झोपताना, सदासर्वकाळ तोंड जमिनीकडं. डॉक्टर सांगतील तोपर्यंत. आणि उंचीवर बुडबुडा फुगतो, म्हणून तो असेपर्यंत घाट चढायचा-उतरायचा नाही. निपाणीला जायचं म्हणजे स्तवनिधीचा घाट. तेव्हा आक्का हिंडलग्याला आमच्याकडं राहिली. दाजींची तंबाखूची वखार भर हंगामात होती. ते अधूनमधून यायचे, तिच्या पायाशी बसायचे आणि काय बोलावं ते न सुचून परत जायचे.

बायकोनं मधे भोक असलेली एक गोल उशी शिवून घेतली. आक्का खुर्चीत बसायची, पुढच्या टेबलाच्या कडेला ती उशी आणि उशीवर कपाळ. दुधाच्या कपात नळी. भाकरीचे बारीक तुकडे करून बायको तिच्या हातात द्यायची आणि ती ते टेबलाखालून तोंडाला न्यायची. तिला दिसायची ती फक्त फरशी, तीही डाव्या डोळ्याला, धुरकट. येणाऱ्या माणसाला ती चपलेच्या आवाजावरून ओळखायला शिकली.

आणि हे सगळं आक्काच्या बाबतीत. वर्गात एका जागी उभी न राहणारी, बोलताना हातातला खडू मोडणारी बाई. तिची बोटं टेबलाच्या कडेवर सारखी वाजत. पाय हलत. "किती वाजलं रं?" ती विचारायची. मी सांगायचो. भाजी चिरून व्हायच्या आत परत, "आता किती?" तिची ती बोटं ऐकून ऐकून माझीही बोटं वाजायला लागली. कॉलेजात शिकवताना मी फळ्यावर सूत्र अर्धं लिहून थांबायचो, कारण मनात येई की आता ह्या क्षणी तिनं मान वर केली तर?

मालिकेचा शेवटचा हंगाम चालू होता. दर शुक्रवारी एक भाग. आक्का म्हणाली, "मला सांगायचं. एक बी भाग चुकवायचा न्हाय."

मग मी भाग बघायचो आणि शनिवारी सकाळी तिच्यासमोर जमिनीवर बसून सांगायचो. पहिल्या शनिवारी मी सांगत होतो, "यान तिसऱ्या ठाण्यावर पोचलं. कप्तान खाली उतरला. मग दोन्ही बाजूची माणसं आली..."

उशीखालून आवाज आला, "प्रयोगाची वही वाचून दाखवालाईस का? कोण कसं आलं? तिनं काय नेसलंतं? कोण गप हुतं?"

मी परत पहिल्यापासून सुरू केलं. त्या भागात दोन वस्त्या एका चंद्रावरच्या पाण्यावरून पिढ्यानपिढ्या लढत असतात. दोघांचे म्हातारे यानावर बोलणी करायला बसतात, मधे दुभाषिणी. एक म्हातारा धमकी देतो. तो म्हणतो, "आमचे किती मेले ते आम्ही अजून मोजतोय." दुभाषिणी क्षणभर थांबते आणि दुसऱ्या बाजूला सांगते, "आमच्यातले जे गेले ते आम्हाला अजून आठवतात." समोरचा म्हातारा रडतो. तह होतो.

आक्काची बोटं थांबली. "ती थांबली तवा तिचं तोंड कसं हुतं?"

"कसं म्हणजे? नेहमीसारखं."

"नेहमीसारखं कसं असंल? जन्मात पयल्यांदा खोटं बोलाली ती."

मला सांगता येईना. मी तो प्रसंग परत बघून आलो आणि म्हणालो, "डोळे मिटले तिनं. जरासे."

"हां," ती म्हणाली. "मग बरोबर केलं तिनं."

"बरोबर? आजवर एक शब्द इकडचा तिकडं न करणारी बाई आहे ती. लेखकांनी सोयीसाठी तिचा स्वभावच मोडला."

"सोय कसली? पोरं मरायची थांबली की."

हे भांडण रविवारी चौघांत झालं, कारण बैठक आता हिंडलग्याला आमच्या घरी भरत होती. मॅडम आणि शेट आक्काच्या खुर्चीच्या दोन बाजूंना खाली बसले. बायकोनं पोहे केले होते. मॅडमचं म्हणणं होतं की लेखकांना हा तह हवा होता आणि दुसरा मार्ग सुचला नाही. मी त्यांच्या बाजूनं होतो. शेट बराच वेळ गप्प होता.

"शेट गेला का काय?" उशीखालून आक्कानं विचारलं.

"हाय बाई. मी काय म्हणतो, दोन भाषांत राहणारा माणूस हे रोज करतो. त्यात स्वभाव मोडला असं काय न्हाय." मग त्यानं स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगितली. मुलगी बघायला ते हुबळीच्याही पुढं गेले होते. बरोबर सांगलीची आत्या, तिला कन्नड येत नाही. मुलीच्या आजोबांना मराठी येत नाही. शेट मधे. चहा आला. आत्यानं एक घोट घेऊन मोठ्यानं म्हटलं, "साखर घालायला विसरलेत, का ह्यांच्यात घालतच न्हाईत?" आजोबांनी विचारलं, त्या काय म्हणतात. शेट कन्नडमध्ये म्हणाला, "आत्या विचारतात, साखर कमी खाता म्हणून का सगळ्यांच्या तब्येती एवढ्या छान आहेत?" आजोबा खूष. त्यांनी तब्येत राखण्यावर आत्याला बराच वेळ ऐकवलं आणि ते सगळं शेटनं मुलीच्या कौतुकात बदलून आत्याला सांगितलं.

"आन मुलगी?" मॅडमनी विचारलं.

"ती ट्रे धरून उभी हुती. तिला मराठी येत हुतं. सगळं कळत हुतं. खाली मान घालून हसाली नुसती. तवाच मी ठरवलो."

आक्का इतकी हसली की टेबल हललं. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, "हलू नका, हलू नका!" आक्काचं कपाळ उशीवरच होतं, पण खांदे गदगदत होते. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा हसली.

पुढच्या शनिवारी मात्र वाईट झालं. त्या भागात दुभाषिणीचं खोटं उघडकीला येतं. कप्तानाला ती बहिणीसारखी असते, पण तो म्हणतो की यानावर शब्दाचा भरवसा राहिला नाही तर काही राहत नाही. पुढच्या ठाण्यावर तिला उतरवतात. यान निघून जातं. हे आक्काला कसं सांगावं ह्या विचारानं मी आधीच घाबरलो होतो, आणि घाईघाईत एकदम म्हणून टाकलं, "तिला उतरवलं."

"काय?"

"यानावरून. ठाण्यावर सोडून दिलं."

"असं कसं सोडलं?" आक्का ओरडली आणि तिनं मान वर केली.

सरळ, ताठ, माझ्याकडं. उजव्या डोळ्यावरची पट्टी आणि डावा डोळा रागानं भरलेला. त्या रागात ती मला शोधत होती आणि तिला मी नीट दिसत नव्हतो. मी उठून दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं आणि खाली दाबलं. तिचे केस घामानं ओले होते. "आक्का, खाली! खाली!" माझा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. बायको आली. आम्ही तिघंही तसेच राहिलो, माझे हात तिच्या डोक्यावर, बायकोचे माझ्या हातांवर.

बायकोनं त्याच वेळी सांगितलं, "बंद. ही गोष्टच बंद. डोळा गेला तर मालिका काय चाटायची आहे?"

मी दवाखान्यात फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, तपासणीच्या दिवशी बघू, तोवर मान खाली ठेवा. मी विचारलं, काही झालं असेल का? त्या म्हणाल्या, फोनवर कसं सांगणार? बरोबरच होतं त्यांचं. पण मला घरात कुठंच थांबता येईना. गाडी काढली, हिंडलग्याच्या जेलच्या रस्त्यानं पुढं गेलो, भाताच्या शेतांपाशी उभा राहिलो, आणि पाठीमागं आक्का घरात बसलीय ह्या विचारानं लगेच परत आलो. ती तशीच होती. बोटंसुद्धा वाजत नव्हती.

ती कुणाशी बोलेना. दूधही नळीनं अर्धं घेऊन ठेवून देई. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकदम म्हणाली, "वैनी हाय का?"

माझ्या बायकोला ती वैनी म्हणते. बायको पुढं झाली.

"गोष्ट बंद केलासा तर मी उठून बसतो. खरंच बसतो. दिवसभर फरशी बघून डोस्क्यात काय काय येतंय तुमाला म्हायत न्हाय. शाळा, पेपर, पोरांची तोंडं. पुढं दिसंल का न्हाय. त्यापरास ती बया ठाण्यावर काय करालीय ह्येचा विचार बरा."

बायकोनं टेबलाच्या पुढच्या दोन्ही पायांना जुनी ओढणी बांधून दोन फास केले आणि आक्काचे हात त्यात अडकवले. म्हणाली, "हे धरून ऐकायचं. राग आला तर हे ओढायचं. मान नाही." मग माझ्याकडं बघून, "सांगा हो. नीट सांगा. एकदम तोडून टाकल्यासारखं नका सांगू."

मी राहिलेला भाग सांगितला. कप्तान निरोप न घेता पाठमोरा उभा राहतो. दुभाषिणी आपली पेटी स्वतः उचलते. म्हातारा मिस्त्री तिच्या पेटीला बांधायला दोरी देतो. आक्कानं ओढणी ओढली, एकदा, जोरात. पण कपाळ उशीवर राहिलं.

तपासणीच्या दिवशी गाडीत मागच्या सीटवर ती गुडघ्यांत मान घालून बसली. डॉक्टरांनी पट्टी काढून बराच वेळ पाहिलं. मग तिला बाहेर बसवून मला आत थांबवलं. पडदा बराचसा चिकटला होता. पण सुटताना मधला भाग, ज्यानं माणूस वाचतो, तोही उचलला गेला होता. तिथली नजर किती परत येईल ते सांगता येत नाही, पहिल्यासारखी येणार नाही असं धरून चला, ते म्हणाले. तिनं मान वर केली होती त्याचं मी विचारलं. ते म्हणाले, त्यानं काही बिघडल्यासारखं दिसत नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

बाहेर आक्का बाकावर खाली मान घालून बसली होती. माझ्या चपला ऐकून म्हणाली, "काय म्हणालं?"

"बरं आहे म्हणाले. पडदा चिकटलाय."

"आन?"

"आणि काय? सावकाश होईल."

"आरं," ती फरशीकडं बघत म्हणाली, "डाक्टर जे बोललं ते बोल. त्येंच्या शब्दात. तुझ्या न्हाय."

मी तिच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. मधल्या भागाचं, वाचायचं, पहिल्यासारखी न येण्याचं. एकही शब्द बदलला नाही. समोरून माणसं जात-येत होती. आक्कानं माझा हात शोधला आणि धरला.

मला गप्प बसवेना. मी म्हणालो, "मग त्या दुभाषिणीनं केलं ते बरोबर, असं का म्हणालीस?"

"ती दोन परक्यांच्या मधी हुती," आक्का म्हणाली. "तू माझा भाऊ हाईस." मग माझ्या हाताचा आधार घेऊन उठली आणि म्हणाली, "चल, पाठ मोडली."

गाडीत ती रडली. तिचे खांदे हलताना मला आरशात दिसले. मी गाडी हळू चालवत राहिलो.

मान वर करायची परवानगी मिळाली त्या दिवशी आक्का घरभर फिरली. भिंतीला हात लावत, दारं उघडत, मिटत. बुडबुडा अजून डोळ्यात होता. ती सांगायची की एक रेघ हलते, गवंड्याच्या पाणसळीतल्या पाण्यासारखी, आणि रेघेच्या खाली सगळं धुकं. धुक्यात उजेड आहे, एवढं मात्र ती पुन्हा पुन्हा म्हणायची.

मालिकेचा शेवटचा भाग आम्ही शनिवारी दुपारी, आधी कुणीही न बघता, एकत्र पाहिला. शेट दुकान बंद करून आला. आक्काला अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून मॅडम तिच्या कानाशी बसून पडद्यावर खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी मराठीत सांगत होत्या. कप्तान यान वळवतो. ज्या ठाण्यावर दुभाषिणीला सोडलं होतं तिथं तो परत जातो. दार उघडतं. ती तिथल्या माणसांत उभी असते, केस पांढरे झालेले. कप्तान म्हणतो, "चल." ती उत्तर देते, चांगलं लांब उत्तर, पण त्या वस्तीच्या भाषेत. आणि खाली अक्षरं येत नाहीत. तिथंच मालिका संपते.

"हे काय?" मॅडम उठून उभ्याच राहिल्या. "अर्थच नाही दिला?"

"काय तरी बिघडलं असंल, परत लावा," शेट म्हणाला. परत लावलं. परत अक्षरं नाहीत. मी वैतागलो. एवढी वर्षं बघून शेवटी ती येते की नाही हेसुद्धा सांगायचं नाही? मॅडम म्हणाल्या ती येते, नाहीतर एवढं लांब कशाला बोलेल? शेट म्हणाला, वस्तीतल्या लोकांना निरोप सांगत असेल. मी म्हणालो, लेखकांनी हात वर केले.

"परत लावा," आक्का म्हणाली. "आन गप बसा सगळी."

तिनं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "ती येत न्हाय."

"कशावरून?"

"आवाजावरनं. मला काय अक्षरं दिसत न्हवतीच, तुमच्यागत मी वाट बघत बसलो न्हाई. शाळा सुटल्यावर पोरं थांबवून घेतली की मी असंच बोलतो. घाई नसती मला. घरी जायाचं असलं की आवाज येगळा असतो."

मॅडमना पटलं नाही. त्यांना अजून पटलेलं नाही. त्या दिवशी चहाची दोन आधणं झाली आणि दिवेलागणीपर्यंत आवाज चढलेलेच होते. बायकोनं मालिकेचा एकही भाग पाहिला नव्हता, पण तिनंही मत दिलं: "त्या कप्तानानं आधी माफी मागायला हवी होती."

बुडबुडा विरला तसं मी आक्काला निपाणीला पोचवलं. डोळा जितका आला तितकाच आला. कडेचं तिला बरंच दिसतं. मधे मात्र डाग आहे आणि सरळ रेघ वाकडी दिसते. गणिताच्या बाईला वाकडी रेघ. ती म्हणते, "पोरांनी भूमितीत चूक केली का माझ्या डोळ्यानं, आधी ठरवाय लागतंय." शाळेनं तिला वर्ग दिलेत, पेपर तपासणं काढून घेतलंय. फळ्यावर ती हातभर मोठे आकडे काढते. सोडून घरी बस असं दाजी एकदा म्हणाले, त्यानंतर म्हणाले नाहीत.

मला मात्र स्वस्थता नाही. माझ्याच डोळ्यांपुढं काही चमकलं का म्हणून मी दचकतो. आक्काचा फोन वाजून थांबला की मी लगेच उलटा फोन लावतो. ती रविवारी एकटी बसनं येते. "मला न्यायला येऊ नको" अशी तिची सक्त ताकीद आहे, तरी मी स्टँडवर पोचतो, खांबाआड उभा राहतो, निपाणीची प्रत्येक बस बघतो. मागच्या रविवारी बस उशिरा आली. ती उतरली, पायरी चाचपली, गर्दीत क्षणभर उभी राहिली. मी पुढं होणार तेवढ्यात ती खांबाच्या दिशेनं वळली आणि म्हणाली, "ये बाहेर. तुझा शर्ट दिसालाय."

खडेबाजारापर्यंत ती माझ्या पुढंच चालत होती. सध्या आमचं एका नव्या मालिकेवरून चाललंय. तिला ती अजिबात आवडलेली नाही, कारण त्यातली माणसं फार बोलतात आणि कुणी कुणाचं ऐकत नाही. शेटला ती आवडलीय. हॉटेलात पोचलो तर तो आणि मॅडम आधीच हमरीतुमरीवर आले होते. आक्कानं खुर्ची ओढली, पिशवी मांडीवर घेतली आणि बसता बसताच शेटला म्हणाली, "तू थांब जरा. दुसऱ्या भागात ती दार का उघडतीया, त्ये आधी मला सांग."